बारा बाटल्या, एक नळ

बाटलीमामांनी उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता, तरी सगळं शहर त्यांना बाटलीमामाच म्हणायचं. ते पाणीपुरवठा खात्यात नमुने गोळा करायचे. दर सोमवारी खांद्याला बर्फाची पेटी अडकवायची, तिच्यात बारा निर्जंतुक बाटल्या ठेवायच्या, बारा वस्त्यांतल्या बारा नळांचं पाणी भरून आणायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यांचा वेग असा की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. नऊला निघालेले मामा पावणेदहाला बारा बाटल्या भरून परत. एवढ्या वेळात बारा वस्त्या फिरायच्या म्हटल्या तर वाऱ्यालाही धाप लागली असती.

त्यातली मेख साधी होती. जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाच्या आतच एक पितळी नळ होता, मोठ्या टाकीपासून जेमतेम दहा पावलांवर. मामा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत, बाराही बाटल्या तिथेच भरत आणि प्रत्येकीवर वेगवेगळ्या वस्तीची चिठ्ठी डकवत. एका नळाला बारा पत्ते!

मामा मुळात लबाड नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते खरोखर दारोदार हिंडले होते. नवव्या वस्तीपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि प्रयोगशाळा बाटल्या परत पाठवायची. तेव्हा वरच्या साहेबांनी समजूत घातली होती, "अहो, पाणी सगळीकडे एकाच टाकीचं. इथलं चांगलं तर तिथलं काय बिघडणार आहे?" मामांना ते पटलं आणि चौदा वर्षं पटतच राहिलं. दर आठवड्याला फलकावर अहवाल लागे: सर्व वस्त्या, पिण्यास योग्य. खाली मामांची झोकदार सही.

एका गुरुवारी सकाळी शेवटच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीचा फोन आला. अकरा महिन्यांची नात दवाखान्यात होती. जुलाब थांबत नव्हते. मामा पोहोचले तेव्हा त्या एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं होतं. नात रडतही नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "तुमच्याच गल्लीतलं या आठवड्यातलं हे चौथं बाळ. पाणी उकळून देत होतात का?"

"उकळायचं कशाला?" लेक म्हणाली. "पाणी आमचे बाबाच तपासतात. सासूबाई उकळ उकळ म्हणत होत्या, मीच त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझ्या बाबांची सही असते त्या कागदावर. शेजारणींनाही तेच सांगितलं."

"अच्छा, तुम्हीच का ते?" डॉक्टरीणबाईंनी मामांकडे वळून विचारलं. "मग या सोमवारी शेवटच्या गल्लीचं पाणी कसं होतं?"

मामांच्या तोंडून सवयीनं शब्द गेला, "योग्य."

"मग पाणी नव्हे. दुसरं काहीतरी शोधायला हवं," असं म्हणून त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर काट मारली.

ती काट मामांच्या काळजावर उमटली. ते बाहेर पडले आणि थेट प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाई दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या आणि बोलायला सडेतोड.

"बाई, एक बाटली हवी होती."

"आज कुठला सोमवार?"

मामांनी सगळं सांगितलं. पितळी नळ, स्टूल, चिठ्ठ्या, सगळं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला संशय होताच, मामा. टाकीपासून पाणी जितकं लांब जाईल तितका त्यातला क्लोरीन कमी होत जातो. तुमच्या बाराही बाटल्यांत मात्र तो अगदी सारखा. जुळी असतात, तिळी असतात. बारा भावंडं एका चेहऱ्याची मी पाहिली नव्हती. पण मी विचारलं नाही. कटकट नको म्हणून सह्या करत गेले. तेव्हा तुमच्या पापात माझाही वाटा आहे."

"मी जावयाला सांगतो, गुपचूप उकळून प्या म्हणून," मामा पुटपुटले. "उगाच बोभाटा कशाला? नोकरीची तीन वर्षं उरलीत."

"तुमची नात वाचेल. आणि शेजारचं बाळ? त्याची आई तुमची सही वाचून पाणी पाजते आहे. ती तुम्हाला ओळखतही नाही, तरी तिनं तुमच्यावर लेकीइतकाच विश्वास टाकलाय."

बाईंनी बाटली आणि तपासायच्या औषधाची कुपी त्यांच्या हातात दिली. "जा. आज पायी फिरा."

शेवटची गल्ली शहराच्या टोकाला होती. पोहोचेपर्यंत मामांचे पाय भरून आले. लेकीच्या घरी त्यांनी नळ सोडला. पाणी कसं, काचेसारखं! त्यांनी आधी बाटली भरली. मग वेगळ्या नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं पडतं. मामा बघत राहिले. पाणी होतं तसंच राहिलं, नितळ. शेजारच्या घरी नितळ. पलीकडच्या घरीही नितळ. जंतू मारणारं औषध या गल्लीपर्यंत पोहोचतच नव्हतं.

तिसऱ्या दारातली बाई म्हणाली, "काय हो मामा, पाणी चांगलंय ना?"

"नाही," मामा म्हणाले. "उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. आजवर चांगलं म्हणून लिहिलं, ते न तपासता लिहिलं होतं."

दारोदार त्यांनी हेच वाक्य म्हटलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार आपटलं. एका म्हातारीनं मात्र आधी घाईघाईनं भांड्यातलं पाणी ओतून दिलं आणि मग शिव्या दिल्या.

संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही ते सांगितलं. काट मारलेली ओळ पुन्हा लिहिली गेली. लेक सगळं ऐकत होती.

"आमच्या नळाला तुम्ही कधी हात लावला होता का, बाबा?"

"आज. चौदा वर्षांत पहिल्यांदा."

तिनं बापाकडे पाहिलं नाही. "मी तुमच्या नावावर भांडले होते," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी बाटलीचा अहवाल आला. मामांनी स्वतःच्या हातानं फलकावर लिहिलं: शेवटची गल्ली, पिण्यास अयोग्य. खाली सही केली आणि आधीच्या अहवालांची चूकही कबूल केली. मग खोदकाम झालं. गटारातून गेलेल्या गंजक्या पाइपला मोहरीएवढं भोक सापडलं. हत्ती शोधायला निघालेली चौकशी मोहरीपाशी येऊन थांबली.

चारही बाळं वाचली. मामांना सहा महिने घरी बसवलं गेलं. परतले तेव्हा बाईंनी भांडून दुसरी बर्फाची पेटी आणि एक सायकल मंजूर करून घेतली होती. आता बारा नळांना मामांचा अख्खा सोमवार जातो. लेक बोलते, पण पाणी उकळूनच पिते. मामांना त्याचं वाईट वाटत नाही.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाच्या कामात असा एक सोयीचा नळ असतो, जिथलं उत्तर हमखास चांगलं येतं. पण तपासणी चांगलं कुठे आहे हे मिरवायला नसते. वाईट कुठे आहे हे शोधायला असते. आणि सही करताना एवढं ध्यानात ठेवा, ती वाचून कुणीतरी आपल्या लेकराच्या तोंडाला पेला लावणार आहे.