काट्यावरचा मुरारी

"मुरारी, कॉम्प्युटरवर वजन येत नाहीये रे," शेठ दारातून म्हणाले. बाहेर रांगेतले ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले होते.

गावाला निघालेल्या मुरारीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. महाडच्या या वजनकाट्यावर वीज गेली की हे ठरलेलेच. काट्याची जुनी केबल कॉम्प्युटरला थेट लागत नसे, मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर होता. वीज आली की कॉम्प्युटर त्याला कधी कधी नवाच पोर्ट नंबर देई, आणि मुरारीनेच लिहिलेला प्रोग्रॅम बिचारा जुन्या नंबरावर वाट पाहत बसे. नंबर बदलणे मिनिटाचे काम, पण ते दुसऱ्या कोणाला जमत नसे. लग्न असो की मयत, मुरारी काट्याला बांधलेला.

आज गावी, उमरठला, शिमग्याची पालखी घरी येणार होती. दरवर्षी वडील, गोमाजी, तिला खांदा देत. यंदा ते अंथरुणाला खिळले होते. बायकोने, तुळसाने, सकाळीच फोनवर बजावले होते, "घरचा खांदा लागल्याबिगर देव दारातून गेला, तर मामंजींना ते सोसायचं नाय. या तुमी."

खरे तर नवा पोर्ट आपला आपण शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी मुरारीने केव्हाच लिहून ठेवल्या होत्या. चालू मात्र केल्या नव्हत्या. काटा आपल्यावाचून चालला, तर पन्नाशीच्या माणसाला शेठ कशाला ठेवतील, ही भीती त्याला आतून खात होती. शेठ रजा देत नाहीत म्हणून गावभर कुरकुर करायची, आणि कुलपाची किल्ली आपल्याच खिशात!

आज त्याने त्या ओळी चालू केल्या. पुन्हा नंबर बदलावा म्हणून कन्व्हर्टर उपसून मुद्दाम दुसऱ्या खाचेत घातला. वजन आपसूक आले. आता वीज गेली तरी अडायचे नाही, असे शेठना सांगून त्याने गावाकडे जायला पोलादपूरची गाडी पकडली.

पालखी अंगणात आली आणि मुरारीने खांदा दिला. ओटीवर आणून बसवलेल्या गोमाजींनी हात जोडले.

पालखी पुढच्या घरी गेली, तरी फोन वाजला नव्हता. शेवटी परसात जाऊन त्यानेच शेठना लावला.

"काटा चालू हाय ना, शेठ?"

"चालू आहे की. दोनदा लाइट गेली, काही अडलं नाही," शेठ खुशीत होते. "तू राहा निवांत. यायची घाई करू नकोस."

मागे तुळसा उभी होती. "बोलावलं का तुमाला?"

"नाय," मुरारी म्हणाला.

तिचा चेहरा फुलला. ती लगबगीने पान वाढायला आत गेली, आणि मुरारी फोन मुठीत धरूनच पाटावर बसला.