शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मामंजींच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटपुढे, मामंजींच्या पायाशी. ती गाडी केव्हाच मोडीत गेली. मामंजीही देवाघरी गेले. पण आजही कुणी गिअर टाकताना तोंडातल्या तोंडात काही गुणगुणलं, की मी ओळखते, हा आमच्याकडचा.

कारण त्या गाडीत बसणं म्हणजे भजनाला बसणं. मामंजी एखादी संथ चाल धरायचे आणि तिच्यावरच सगळं शिकवायचे. ह्या मात्रेला क्लच दाबायचा, ह्या मात्रेला गिअर, आणि समेवर अलगद पाय सोडायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, "अहो, सम कुठं पळून जाते? ती वाट बघते आपली. देवासारखी." त्यांचा स्वतःचा पाय शेजारच्या ब्रेकवर टेकायचा नाही, नुसता वर तरंगत ताल धरायचा. मी लग्न होऊन आले आणि त्यांनी मलाही त्या तालावर बसवलं. सासूबाई म्हणायच्या, "सून आणलीय की टाळकरी?"

मी शिकत होते तेव्हाचीच ही गोष्ट. मामंजींचा एक जुना मित्र निवृत्त झाला. दुपारचं जेवण होतं, मीही सोबत गेले होते. आग्रह झाला, पेले भरले गेले. मामंजी एरवी त्या वाटेला न जाणारे, पण मित्राचा शब्द मोडवेना. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी घेतलीय, आपण स्टिअरिंगला हात लावणार नाही. नियम म्हणजे नियम." आणि ऐटीत शेजारी जाऊन बसले. मला तर सासऱ्यांचा केवढा अभिमान वाटला! माझ्याकडे फक्त शिकाऊ लायसन्स होतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बाजाराच्या वळणावर पाववाला सायकल घेऊन आडवा आला. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. गाडी थांबली ती मामंजींच्या ब्रेकने. पण सायकलच्या मागच्या चाकाला धक्का लागलाच. पाववाला पडला, कोपर सोलवटलं, पाव रस्ताभर झाले.

चौकातला वाहतूक पोलीस धावत आला. तोही मामंजींकडेच शिकलेला. वास येताच त्याचा चेहरा पडला. खिशातून यंत्र काढून म्हणाला, "सर, फुंका."

"अरे, मी कुठं चालवत होतो? सूनबाई चालवत होती."

तो वाकला, मामंजींच्या पायाखालच्या ब्रेककडे बोट केलं. "मग हे काय सर, पेटीचा भाता? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, शिकाऊ गाडीचा खरा चालक शेजारी बसतो म्हणून?"

मामंजी यंत्राकडे वाकले. फुंकले.

वकीलसाहेबांनी घरी येऊन सगळं समजावलं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा, म्हणजे दंड होणार, लायसन्स जाणार, आणि शिकवण्याचा परवाना गेला तर स्कूलला कुलूप. "एकच वाट आहे. ब्रेक सूनबाईंनीच दाबला, साहेब नुसते प्रवासी होते, एवढं सांगायचं. पायाला कुठं साक्षीदार असतो?"

"मी सांगेन," मी म्हटलं. मामंजींच्या हयातीची कमाई ती, आणि माझं एक वाक्य.

सासूबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "वकीलसाहेब, आम्ही रोज ज्याच्या पाया पडतो, त्याला आमचे पाय दिसत नाहीत होय?"

"आई, तो कोर्टात येणार नाहीये," मी म्हटलं.

"तू येणारेस ना?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मामंजी खिडकीतून गाडीकडे बघत बसले.

कोर्टात पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा केला आणि मला विचारलं, "ब्रेक कुणी दाबला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामंजी उभे राहिले. वकीलसाहेबांनी त्यांची बाही ओढली, ती त्यांनी सोडवून घेतली.

"बाईसाहेब, तिला विचारू नका. मी दाबला. आणि उशिरा दाबला. पाववाला मला कोपऱ्यावरच दिसायला हवा होता. दिसला तेव्हा पाय टाकला, तो मात्रा चुकून पडला. इतकी वर्षं हा पाय असा कधी पडला नव्हता हो. आता पोरीनं खोटं बोलून मला सोडवलं, तर उद्या कोणत्या तोंडानं तिच्या शेजारी बसून शिकवू?"

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "शिक्षा कमी करायला कारण मिळालं. माफ करायला नाही." दंड झाला, वर्षभर लायसन्स निलंबित, शिकवण्याचा परवानाही तेवढाच काळ बंद. आणि पुन्हा असं घडलं तर थेट तुरुंग, हेही त्यांनी बजावलं.

ते वर्ष मामंजी पायी फिरले. गावात निम्म्या गाड्या त्यांच्याच शिष्यांच्या. जो तो थांबायचा, "सर, बसा!" ते मागचं दार उघडायचे. कुणी म्हटलं, "सर, पुढं बसा की," तर म्हणायचे, "पुढची जागा सध्या सरकारजमा आहे." पाववाल्याचं कोपर बरं झालं तरी रोज त्याच्याकडे चौकशी करायचे आणि रिकाम्या हाताने परतायला लाजायचे. सासूबाई करवादायच्या, "ह्या घरात आता माणसं कमी आणि पाव जास्त."

वर्ष सरलं. परवाना परत आला. मामंजींनी गाडी पुसली, पाटी पुसली, अंगणात खुर्ची टाकून बसले. कुणी आलं नाही. उन्हं चढली तरी कुणी नाही. रस्त्याने जाणारे नमस्कार करत होते, पण पोराला शिकायला पाठवायचं म्हणजे वेगळी गोष्ट. मामंजींनी पाटी उचलून आत न्यायला घेतली.

तेवढ्यात सासूबाई चपला घालून बाहेर आल्या. "ठेवा ती खाली. चला."

"कुठं?"

"शिकायला. शिकाऊ लायसन्स काढून आणलंय मी. जन्म गेला तुमच्या मागच्या सीटवर."

"आता? ह्या वयात?"

"ह्या वयात तुम्हाला आरोपी होता आलं, मला ड्रायव्हर होता येणार नाही? आधी इकडं या. आ करा."

"अगं, लोक बघतायत..."

"बघू देत की. त्यासाठीच म्हणतेय. आऽ करा."

आणि भर रस्त्यात, शेजारपाजारच्या देखत, मामंजींनी लहान पोरासारखा आ केला. सासूबाईंनी वास घेतला, मान डोलावली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. गाडी आचके खात, बंद पडत, पुन्हा सुरू होत कोपऱ्याकडे निघाली. उघड्या खिडकीतून आवाज येत होता, "ओरडू नका हो, ऐकू येतंय मला!"

समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई फाटकाशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "रोज असाच वास घेणार का गं त्या?"

"रोज," मी म्हटलं.

"मग उद्यापासून माझ्या लेकीला पाठवते."