पानाची उलटी बाजू

कल्पना करा, तुम्ही पालथे झोपला आहात. हनुवटी गवताला टेकलेली, कोपराखाली ओली माती आणि नाकासमोर वीतभर उंचीचं एक रोप. त्याच्या शेंड्याला राखाडी-पांढऱ्या मऊ गाठींचा झुपका. मांजरीने झोपेत पंजा वर करावा, अगदी तसा. दिसलं का? मग हलू नका. तुमच्या शेजारी आन्या अशीच पालथी पडली आहे आणि ती फार महत्त्वाच्या कामात आहे.

"आजी, डन! सगळे फ्लॅग लावले."

पद्मिनीआजी हळूहळू गुडघ्यांवर बसल्या. त्या आन्याच्या सख्ख्या आजी नव्हेत. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या रविवारच्या मराठी शाळेतली सगळीच मुलं त्यांना आजी म्हणतात. घरच्या बेसमेंटमध्ये शिलाई मशीन ठेवून त्यांनी उभा जन्म गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले, पँट आखूड करून दिल्या. आणि दर वसंतात ओकच्या झाडांखालच्या या उतारावर येऊन ही रोपं राखली. पुसीटोज हे त्यांचं इथलं नाव. आजींनी मुलांसाठी त्यांना 'मनीची पावलं' म्हणायला सुरुवात केली.

उताराच्या कडेची पायवाट रुंद होणार होती. सोमवारी खडी टाकणारं मशीन येणार होतं. पिवळा फ्लॅग असेल तिथे ते वळसा घेणार, नसेल तिथे सरळ खडी पडणार. पानाला एकच ठळक शीर असलेली मनीची पावलं टेकडीभर पसरलेली होती, त्यांची काळजी नव्हती. तीन शिरांची मात्र या एका उतारावरच होती.

आजींना हल्ली समोर पाहिलं की मधोमध धुकं दिसायचं. कडेकडेचं तेवढं स्पष्ट. म्हणून त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. एका पुंजक्यात फ्लॅग होता, शेजारच्यात नव्हता.

"हा का सोडलास गं?"

"दॅट्स अ डिफरंट वन, आजी. हा शॉर्ट आहे, ह्याला ब्राउन डॉट्स आहेत. फ्लॅगवाला बघ, फ्लफी आहे, थोडा पिंक पिंक."

आजींना उत्तर माहीत होतं. त्यांनी ते दिलं नाही.

"फुलाला विचारलंस. पानाला विचारलंस का?"

"पानाला काय विचारायचं?"

"कापड कसलं आहे ते कसं कळतं? उलटं करून. सुलट बाजू काय, गिऱ्हाइकाला दाखवायला असते."

आन्याने बिनफ्लॅगच्या पुंजक्याचं जमिनीलगतचं एक पान उलटं केलं. पांढऱ्या लोकरीतून तीन रेषा देठापासून टोकाकडे गेल्या होत्या. मग तिने फ्लॅगवाल्या पुंजक्याचं पान उलटं केलं.

"थ्री. धिस वन टू! बट मग फुलं का वेगळी?"

"एक बाबा आहे, एक आई. ह्यांच्यात बाबांचं घर वेगळं आणि आईचं वेगळं. तू नुसत्या आयांना फ्लॅग लावलेस. बाबांवर खडी पडली असती, तर बी कशी धरली असती?"

आन्याचा चेहरा पडला. "आय ऑलमोस्ट किल्ड द डॅड्स."

"अजून धडधाकट आहेत सगळे. ऊठ आता. नको, उठू नकोस, तशीच सरपटत चल."

सगळे बाबा सापडेपर्यंत दोघींच्या गुडघ्यांना चिखल झाला. तेवढ्यात अंकुर आला. टेकडीची निगा ठेवणारा हा निसर्गतज्ज्ञ लहानपणी आजींच्याच मराठी शाळेत होता, तेव्हा त्या मुलांच्या मावशी होत्या.

"झालं का, मावशी? वाटेच्या क्रूला आजच मॅप पाठवायचाय."

"मला नको विचारूस. माझ्या डोळ्यांत धुकं आहे. यंदा आन्याला विचार."

अंकुर आन्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने अगदी वाटेला लागून असलेल्या एका पुंजक्याकडे बोट दाखवलं.

"हा मला एका शिरेचा वाटतो. ह्याच्यासाठी वाट वळवायची तर क्रू माझ्यावर वैतागेल. शुअर आहेस?"

आन्याने पान उलटं केलं. लोकर दाट होती. मधली शीर ठळक होती, बाजूला नुसतंच पांढरं. ती "वन" म्हणणारच होती. तिने आजींकडे पाहिलं. आजी दुसरीकडे बघत होत्या, जणू या पुंजक्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता. एक हात मात्र त्यांनी मांडीवर घट्ट आवळून धरला होता.

आन्याने डोळे मिटले. पानाच्या उलट्या बाजूवरून तिने नख हळूच आडवं फिरवलं.

"एक," ती म्हणाली. नख पुढे सरकलं. "दोन..." मग बराच वेळ काहीच नाही. "तीन."

सकाळपासून ती इंग्रजीतच मोजत होती.

आजींनी हात पुढे केला. आन्याने त्यांचं बोट धरून पानाखाली नेलं. सुईने खरबरीत झालेलं ते बोट एकदाच फिरलं.

"तीन," आजी म्हणाल्या.

अंकुरने भिंग काढून पाहिलं आणि मान डोलावली. "तीन. वळवतो वाट. मावशी, ही कोण तयार केलीत?"

"माझी विद्यार्थिनी आहे," आजी म्हणाल्या. आयुष्यात कितीही चांगला ब्लाउज बेतला तरी त्या 'बरा झालाय' एवढंच म्हणायच्या. आज त्यांचा आवाज वाटेवरून कुत्रा फिरवणाऱ्या बाईलाही ऐकू गेला. "तूही होतास म्हणा. पण तुला तीनापुढे मोजता यायचं नाही."

अंकुर खो खो हसला. "इथे तीनच लागतात, मावशी!" मग त्याने आन्याच्या रिकाम्या पिशवीत डोकावलं. "फ्लॅग संपले? थांबा, ट्रकमधून आणतो."

तो उतार उतरून गेला. लगेच वाटेवरून दोन सायकली सुसाट आल्या आणि त्या पुंजक्याला घासून गेल्या.

आन्या अंकुरची वाट बघत थांबली नाही. ती खाली बसली, तिने उजव्या बुटाची पिवळी लेस सर्रकन ओढून काढली, एका काटकीला गाठ मारून बांधली आणि ती काटकी पुंजक्याशेजारी मातीत खोचली. मग सैल बूट फटफट वाजवत ती आजींना उठायला हात द्यायला आली.