उंडगा

कोकिळेनं पळसाच्या पानांचा गठ्ठा पोटाशी आवळून धरला होता. तिचा थोरला दीर किशनराव हात पुढे करून अंगणात उभा होता.

“दे इकडं. गुरुजी नदीवर खोळंबलेत.”

“न्हाई देणार, भावजी.”

बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याचा पानांचा पुतळा करून जाळायचा आणि मग बायकोच्या बांगड्या फोडायच्या, अशी रीत. कोकिळेचा नवरा व्यंकटी पोलीस अ‍ॅक्शनच्या साली पूर्णा स्टेशनावर गाड्या बघायला म्हणून गेला, तो गेलाच. यंदा बारा वर्षं भरली.

पहिल्यापासूनच त्याचा पाय घरात ठरत नसे. पोखर्णीची जत्रा उठली तरी हा चार दिवस तिथेच. त्याची आई धुरपताबाई त्याला उंडगा म्हणायची. दिसेल त्या शेतात तोंड घालत हिंडणारं मोकाट जनावर म्हणजे उंडगं. माणसाला म्हटलं की शिवीच. तो गेल्यावरही तिनं ती सोडली नाही. भाकरी थापताना म्हणायची, “उंडगा कुठं गिळायलाय कुणास ठाऊक.” दिवेलागणीला म्हणायची, “दार लोटू नको, उंडगा येईल.” ऐकून कोकिळेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूशी ती भांडली असेल तर या एका शब्दावरूनच.

आज सकाळपासून मात्र म्हातारी गप्प होती. कोकिळा गठ्ठ्यासकट तिच्यापुढे जाऊन बसली.

“आत्याबाई, भावजीला सांगा की. कुठंतरी हिंडायलेत म्हणून सांगा.”

म्हातारी जमिनीकडे बघत राहिली.

“रोज म्हणता तसं म्हणा. एकदाच म्हणा, पाया पडते तुमच्या.” कोकिळेचा आवाज फाटला. “उंडगा हाय तुमचा ल्योक! उंडगा हाय म्हणा!”

बारा वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. किशनरावानं मान फिरवली.

धुरपताबाईनं सुनेचा हात हातात घेतला. बांगड्यांवरून बोटं फिरवली.

“तसं म्हणू नये, बाई,” ती हळूच म्हणाली. “लय गुणाचं होतं माझं लेकरू.”

कोकिळेच्या हातातला गठ्ठा सुटला. पानं अंगणभर झाली. किशनराव खाली बसून ती वेचू लागला. थोड्या वेळानं कोकिळाही वेचू लागली.