घराखाली

ताईचं घर जुनं, लाकडी सांगाड्याचं. अशी घरं भूकंपात टिकावीत म्हणून मजबूत करणं हा तिच्या धाकट्या बहिणीचा व्यवसाय. एकदा तिने ताईला हट्टाने घराखालच्या बुटक्या पोकळीत नेलं. दोघी कोळिष्टकं झटकत रांगत आत शिरल्या.

“बघ, घर पायावर नुसतं टेकलंय. कुठेच बांधलेलं नाही.”

“काहीतरीच! इतकी वर्षं उभं आहे की!”

“अजून कुणी धक्का दिला नाही म्हणून.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मग बहिणीने तळाची लाकडं जाड बोल्टांनी पायाला आवळली आणि पोकळीभोवतीच्या ठेंगण्या लाकडी भिंती कलंडू नयेत म्हणून त्यांना आतून प्लायवूड ठोकलं.

पुढच्या वर्षी भर दुपारी जमीन हलली. दोघी टेबलाखाली एकमेकींना घट्ट धरून बसल्या. भांडी कोसळली, भिंती करकरल्या, सगळं घर एका अंगाला झुकलं आणि पुन्हा सरळ झालं.

धक्के पूर्ण थांबल्यावर ताई आपणहून खाली शिरली. प्लायवूडचे खिळे वाकले होते, बोल्टांभोवतीचं लाकूड दबलं होतं. घर मात्र तसूभरही सरकलं नव्हतं. तिने एका बोल्टवर हात ठेवला. एवढ्याशा लोखंडाने डोक्यावरचं अख्खं घर धरून ठेवलं होतं!

“बाई गं!” ती पुटपुटली. तिला तिथून हलावंसंच वाटेना.