तारखेचं आवतण

सृष्टीने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मागे डोंगर, मध्ये ‘अनिता आणि राजेंद्र’, खाली ‘रविवार, २६ एप्रिल. ही तारीख राखून ठेवा. निमंत्रण मागाहून.’

“पाठवू?”

“थांब जरा,” अनिता म्हणाली आणि ओटा पुसायला गेली. तो तिने मघाशीच पुसला होता.

लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर हाच घोळ चालला होता. राजेंद्र एका हॉटेलात मॅनेजर. पन्नाशीचा हा गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदाच बोहल्यावर चढत होता, त्यामुळे हौस दांडगी. जाड कार्ड छापू, पाकिटांवर हाताने पत्ते लिहू, पोस्टाने धाडू, लोक जपून ठेवतात, असं त्याचं म्हणणं. नमुन्याचं एक कार्ड तो छापून देऊनही गेला होता. सृष्टी म्हणे, पोस्टाने कधी पोचायचं ते? ई-मेल टाकला की काम फत्ते. आईच्या लग्नाची आमंत्रणं लेकीने करायची याचं तिला काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते अनिताला. आणि विजेचं बिलसुद्धा रांगेत उभं राहून भरणारी ही बाई पहिल्या दिवसापासून ई-मेलच्या बाजूने होती.

“कागद वाचतो,” ती ओट्यापाशीच म्हणाली.

“आई, आजीला ई-मेल नाहीये.”

अनिताने फडका पिळला, वाळत घातला आणि पुन्हा काढून हातात घेतला.

लेकीने नेमकं बोट ठेवलं होतं. मळवलीच्या पुढे, तिच्या सासरच्या गावात, ई-मेल उघडून बघणारं भावकीत कोणी नव्हतं. म्हणूनच तर तो बरा वाटत होता. गोरख, तिचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण भातलावणीला ती अजूनही जायची आणि आक्काबाई, तिच्या सासूबाई, वर्षाचा तांदूळ अजूनही धाडायच्या. ते घर आपल्याला आता परकं होणार, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्ड पोस्टाने गेलं तर आक्काबाईंना वाचता येत नाही. कोणीतरी अंगणात उभं राहून मोठ्याने वाचणार आणि सुनेचं लग्न सासूला चार माणसांत कळणार. ई-मेल गेला तर उडत उडत कधीतरी कळेल, तेव्हाचं तेव्हा बघू. असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सृष्टीला बजावलं, मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. नमुन्याचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मळवलीला उतरली. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

आक्काबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. अवेळी आलेल्या सुनेला बघून त्यांनी आधी पाणी आणून दिलं, मग सृष्टीची चौकशी केली. अनिता पाणी प्यायली, तिने भांडं उपडं घातलं, आणि धीर सुटायच्या आत सांगून टाकलं.

“आत्या, मी लगीन करतेय.”

आक्काबाई खडे वेचत राहिल्या. कोण, कुठला, पोरीला चालतंय का, एवढंच त्यांनी विचारलं. अनिताने सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं. ई-मेलचंही सांगितलं, लपवायचं म्हणून आलीच नव्हती ती.

“मंजी ज्येच्याकडं त्ये न्हाई, त्येला कळायचंच न्हाई,” आक्काबाई म्हणाल्या.

“व्हय.”

“बरी सोय हाय.”

अनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्काबाईंनी सूप खाली ठेवलं.

“मी यायची न्हाई लग्नाला. माज्या लेकाची बायको दुसऱ्याच्या शेजारी हुबी, मला न्हाई बघवायचं. खोटं कशाला बोलू?”

त्या आत गेल्या. अनिता बसून राहिली. उठावं की थांबावं ते कळेना; पर्सची चेन उघडत होती, लावत होती. संपलं, असंच तिने धरलं.

आक्काबाई बाहेर आल्या त्या धुतलेलं लुगडं नेसून. हातात वाटी, वाटीत अक्षता.

“चल.”

“कुटं?”

“भावकीत. चोरीचं लगीन हाय का तुजं?”

आमंत्रणाला जायचं तर सोबत सवाष्ण हवी, घरच्या बाईला कुंकू लावायला हवं. या दोघी विधवा. अनिताने तसं अडखळत म्हटलं. आक्काबाई म्हणाल्या, अक्षता पुरे.

पहिलं घर हौशीरामचं, गोरखच्या चुलत्याचं. याच्याच जिभेला अनिता सगळ्यात जास्त भ्यायची. तो पडवीत बसला होता, बायको धोंडाबाई लसूण सोलत होती. आक्काबाईंनी उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि घरच्या पोरीचं सांगावं तसं सांगितलं.

“आमच्या अनिताचं लगीन हाय. समद्या घराला आवतन. त्या दिशी चूल पेटवायची न्हाई.”

धोंडाबाईच्या हातातली पाकळी हातातच राहिली. हौशीरामने अनिताकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, मग आक्काबाईंकडे.

“कवा हाय?”

आक्काबाईंनी तारीख विचारलीच नव्हती. अनिताने सांगितली.

“आन् तू गं आक्का?” हौशीराम म्हणाला. “तू जानार व्हय?”

अनिता पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. आता खरं काय ते निघणार होतं. आक्काबाईंनी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

“आवतन देनारी घरात बसती व्हय रं?”

आणि त्या बाहेर पडल्या. पुढचं घर जरा चढावर होतं. अर्ध्या वाटेत दम खायला थांबल्या. अनिताने वाटी घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

“तारीक परत सांग,” त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. “माज्या ध्येनात ऱ्हाईली पायजे.”