पुसलेला अंगठा

पाण्याचा पेला उचलून नानासोंनी परत ठेवला की काचेवर ठसा उमटत नसे. नुसता एक लांबट, धुरकट डाग राही. त्यात रेषा नसत. कोइमतूरला सोनं गाळण्याच्या दुकानात तेजाबाशी काम करता करता त्या झिजून गेल्या होत्या. विट्याला परतल्यावर बँकेत, रेशन दुकानात, सगळीकडे यंत्र त्यांचा अंगठा नाकारी. मागची रांग चुळबुळ करी आणि नानासो मुकाट बाजूला होत.

म्हणून मुलीने, रेश्माने, साताऱ्याहून आणलेल्या लॅपटॉपचं त्यांना एवढं अप्रूप. तिच्या कंपनीने संगणकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम बनवली होती. ती मराठीतून चालायची, अंगठ्याने उघडायची. बाजारात येण्याआधी साध्या घरांत वापरून बघायची होती, तेव्हा एक यंत्र तिने वडिलांकडे ठेवलं. बऱ्याचदा नाकारून शेवटी त्याने नानासोंचा अंगठा घेतला. पडद्यावर आलं, ‘नमस्कार, नानासो.’

“वळखलं गं त्यानं मला,” ते जेवताना पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

दिवाळीत रेश्मा घरी असताना शेजारचे लालासाहेब आले. नानासो आत चहा टाकत होते. लालासाहेबांनी गमतीने लॅपटॉपवर बोट ठेवलं, तर तीच अक्षरं उमटली.

“आयला, रेश्मा! लय दिलदार हाय की तुझं मशीन. कुणालाबी नानासो म्हणतंय!”

“काका, हळू. आण्णांना सांगू नका,” आत वडिलांकडे बघत ती म्हणाली.

लालासाहेबांचं हसू विरलं. “न्हाई सांगत, पोरी.”

मग तिने स्वतःचं बोट ठेवलं. उघडलं. कारण साधं होतं. साठवायला रेषाच नव्हत्या, म्हणून सिस्टिमने दर नकारानंतर आपली अट थोडी सैल केली होती, ती इतकी की आता कोणतंही बोट चालत होतं. ऊस तोडणाऱ्यांचे, चुना कालवणाऱ्यांचे हातही असेच असतात. त्यांच्या यंत्रातलं सगळं कुणाहीपुढे उघडं पडलं असतं. उपायही तिला ठाऊक होता: असा अंगठा घ्यायचाच नाही, पासवर्ड मागायचा.

तिने कंपनीला कळवलं नाही. विट्याला येताना एसटीत ती दर वेळी आण्णांना सांगून टाकायचं ठरवी, आणि नानासो अंगठा ठेवून पडद्याकडे बघू लागले की गप्प बसे.

मार्चमध्ये सिस्टिम बाजारात आणायची तारीख ठरली. त्या रविवारी ती आली तेव्हा नानासो शेताचे उतारे लॅपटॉपमध्ये ठेवत होते.

“आता सगळं ह्याच्यातच. भायेरची मशीनं मला मेलेला धरत्यात. ह्याला तेवढं कळतं.”

“आण्णा, ते लालाकाकांच्या बोटानंपण उघडतं. माझ्यापण.”

“काय तरीच काय!”

तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला आणि आपलं बोट ठेवलं. नानासोंनी अक्षरं वाचली. चष्मा काढला.

“मंजी मला वळखतच नव्हतं व्हय?”

“न्हाई, आण्णा.”

“कवापासनं ठावं हाय तुला?”

“दिवाळीपासनं.”

“लालाला म्हाईत हाय?”

“व्हय.”

“तरीच. परवा पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दावलं, तर हसला न्हाई त्यो.” त्यांनी लॅपटॉप हळूच तिच्याकडे सरकवला. “मग आता?”

रेश्माने त्यांच्याकडे पाहिलं.

“मी आजच कंपनीला कळवणार हाय. ह्याफुडं ते तुमचा अंगठा घेणार न्हाई.”